‘तारानाका’ मराठीत आणताना: पाटण, वडूज, सांगली

प्रवासाला निघताना माणसं कपडे, औषधं, फराळाचे डबे घेतात. आमच्या जीपच्या मागच्या सीटवर गोधडीत गुंडाळलेला एकवीस इंची टीव्ही होता, त्याच्या शेजारी व्हीसीआर, आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सहा कॅसेट. थंडी सरता सरता आम्ही पुण्याहून निघालो. हा प्रवास लिहायचा की नाही, हे ठरवण्यात बरेच महिने गेले. कोयनेचं खोरं, खटावचा माळ, तासगावची द्राक्षं यांवर पुष्कळांनी लिहिलंय, लिहितीलही. पण आम्ही ज्या कामासाठी गेलो होतो त्याचं पुढे जे झालं, ते कुणी लिहिणार नाही म्हणून मी लिहिते आहे.

मी भाषांतरकार. त्या वर्षांत गच्च्यांवर नव्या थाळ्या उगवत होत्या आणि रोज एक नवी वाहिनी सुरू होत होती. तशाच एका वाहिनीने परदेशातली एक विज्ञानमालिका विकत घेतली होती. तीस वर्षं चाललेली. माणसांची वस्ती जिथे संपते तिथल्या शेवटच्या ताऱ्याजवळ एक चौकी आहे, येणारी-जाणारी जहाजं तिथे थांबतात, आणि चौकीवर एक ठाणेदार असतो. दर काही वर्षांनी ठाणेदार बदलतो, म्हणजे नट बदलतो. म्हणूनच मालिका इतकी टिकली. तिचे संवाद मराठीत करायचं काम दोन वर्षं माझ्याकडे होतं. आता वाहिनी सुरू होण्याआधी काही भाग गावागावांत दाखवून लोक काय म्हणतात ते टिपून आणायचं होतं.

माझ्याबरोबर मालिकेच्या मूळ परदेशी कंपनीचा मार्टिन होता. पंचावन्नच्या आसपासचा, वाकलेल्या खांद्यांचा, हळू बोलणारा. ही मालिका देशोदेशी पोचवणं हेच त्याचं आयुष्यभराचं काम. एका देशात ठाणेदाराच्या हातातला दारूचा पेला औषधाचा केला होता, असं त्याने मला खंबाटकी घाट चढताना सांगितलं. दुसऱ्या एका देशात सगळ्या पात्रांचे संवाद एकच पुरुष सपाट आवाजात वाचतो, आणि तिथल्या लोकांना दुसरं काही चालतच नाही.

“आणि आमच्या देशात?” मी विचारलं.

“तेच तर बघायला चाललोय,” तो म्हणाला.

पाटण

आमचे ड्रायव्हर बापू कऱ्हाडकडचे. पन्नाशीचे, पांढऱ्या मिशांचे, बोलायची भारी हौस. उंब्रजला गाडी वळवता वळवता त्यांनी विचारलं, “म्याडम, ह्या शिरेलीत हाय काय नेमकं?”

मी गोष्ट सांगितली. मराठीत नाव ‘नक्षत्रसीमा’ ठेवलंय हेही सांगितलं.

“म्हंजे नाकाच की वो! जकात नाका असतोय तसा. फकस्त ताऱ्यांचा.”

मी मार्टिनला त्याचा अर्थ सांगितला. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. त्या संध्याकाळपासून आम्ही तिघंही मालिकेला ‘तारानाका’च म्हणायला लागलो.

बापूंचं बोलणं मला फार आवडायचं. मी वही काढून लिहूनच घ्यायला लागले. त्याला कारण होतं. चौकीच्या तळघरात दगड फोडणारे परग्रहावरचे जीव असतात. बुटके, केसाळ, थोडे बावळट. आम्ही त्यांना ‘खाणवाले’ म्हणायचो. मी त्यांना गावाकडची बोली दिली होती, पण पुण्यात बसून लिहिलेली. आता खरी मिळत होती. बापू म्हणाले, “हात ऱ्हात न्हाईत जी कामाबिगर,” ते मी लिहिलं. “डोकं चालंना, पाय चालत्यात,” तेही लिहिलं. बापूंना त्याचं कौतुक. “ल्ह्या, ल्ह्या. आमचं बी नाव हूं दे टीवीत.”

पाटणला नदीवर सकाळी धुकं इतकं दाट होतं की पलीकडचा डोंगर अकराला दिसला. भात कधीच निघालं होतं, खाचरांत नुसते खुंट उरले होते. ज्या घरात उतरलो तिथे नाचणीची भाकरी आणि नदीच्या माशांचं कालवण मिळालं. मार्टिनने काटे काढायला इतका वेळ लावला की घरच्या बाईंनी शेवटी त्याच्यासमोर बसून स्वतः काढून दिले. आमच्याकडे पाहुण्याच्या ताटात हात घातला असता तर घरभर चर्चा झाली असती.

दुपारी शाळेच्या खोलीत पहिला भाग लावला. तीस-चाळीस माणसं भिंतीला टेकून बसली. पडद्यावर चौकीवर उल्का आदळते, सगळं हादरतं, ठाणेदार खांबाला धरतो, आणि त्याच क्षणी आमच्या पायाखालची फरशीही थरथरली. मला वाटलं भास झाला. मार्टिन मात्र खुर्ची पाडून बाहेर पळाला आणि पायरीवर घसरला. खोलीतलं कुणी जागचं हललं नाही. पुढच्या दोन बायकांनी डुलणारा टीव्ही दोन बाजूंनी धरला, तोही पडद्यावरची नजर न काढता. दारातले एक म्हातारबा मार्टिनला म्हणाले, “बसा सायेब. रोजचं हाय. जमीन कूस बदलतीया.”

शेवटी मी मतं विचारली. मग एक बाई म्हणाली, “नाका हलला त्ये खरं वाटलं.” बाकीच्यांनी माना डोलावल्या. माझ्या वहीत त्या दिवशी एवढंच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मार्टिनच्या घोट्याला तेल-हळद लावून त्याला जीपमध्ये बसवलं.

वडूज

पुसेसावळी ओलांडली आणि हिरवं संपलं. सकाळी मागे सोडलेलं पाणी, झाडी सगळं खोटं वाटायला लागलं. दोन्हीकडे माळ, मध्येच शाळूचा एखादा तुकडा, आणि वाऱ्याला अडवणारं काहीच नाही. वडूजपासून जवळच्या एका गावात आमचा मुक्काम हिराक्कांकडे होता. साठीच्या, उंच, कपाळावर गोंदण. घरातले तीन पुरुष पलटणीत. दीर निवृत्त होऊन आलेले, थोरला मुलगा अजून नोकरीत, आणि धाकट्याचा गणवेशातला फोटो कोनाड्यात हार घालून. त्या फोटोबद्दल मी काही विचारलं नाही.

शेतावर हुरडा झाला. शेणकुटांच्या आरावर कणसं भाजून हिराक्का ती तळहातावर चोळत होत्या आणि गरम दाणे मार्टिनच्या ओंजळीत टाकत होत्या. संध्याकाळी हुलग्याचं माडगं. मार्टिन दोन वाट्या प्यायला आणि म्हणाला, माझी आई आजारपणात असंच काहीतरी करायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्याच सोप्यात, घराच्या पुढच्या पडवीत, टीव्ही लावला. गल्लीतल्या बायका, दहा-बारा निवृत्त जवान आणि शाळेचे हेडमास्तर. त्या दिवशी जो भाग होता त्याची गोष्ट इथे सांगावीच लागेल. तारानाक्याच्या जगात जहाज प्रकाशाहून वेगाने धावतं, पण रेडिओवरचा निरोप प्रकाशाच्याच चालीने येतो. ठाणेदाराची बायको, सुरुवातीला त्याला निरोप देताना दिसते ती, दूरच्या ग्रहावर आहे. ती वारल्याची बातमी एक जहाज घेऊन येतं. अकरा वर्षं जातात. आणि एके दिवशी चौकीच्या यंत्रावर तिचा आवाज येतो. मरायच्या आधी तिने पाठवलेला, इतकी वर्षं वाट चालत राहिलेला. अंगणात कुठलं झाड लावलंय, छत कसं गळतंय, असं काहीबाही ती सांगते. ठाणेदार ऐकतो. मग दार उघडतं, आणि बायको आत येते. मेल्याची बातमी चुकीची होती म्हणे. मिठी. संगीत. समाप्त.

मिठीतलं तिचं वाक्य मी लिहिलं होतं. “आता मी कुठेही जाणार नाही.” पुण्यात ध्वनिमुद्रणाच्या वेळी ते ऐकून आवाज देणाऱ्या बाईंचे डोळे भरले होते.

भाग संपला. टीव्हीवर मुंग्या आल्या. हिराक्का म्हणाल्या, “ही बाई ती न्हवं.”

“कोण बाई?”

“मिठी मारती ती. हिचं क्यास येगळं हायत. म्होरनं तोंड बी दावलं न्हाई. कुठली आणली ही?”

मी मार्टिनकडे पाहिलं. भाषांतर न करताच त्याला समजलं असावं, कारण त्याने मान खाली घातली.

हेडमास्तर मला सावरायला म्हणाले, “आक्का, गोड शेवट केलाय हो त्यांनी.”

“गोड कशाला? आवं, मेलेलं मानूस दारातनं येत असतंय व्हय?” त्या माझ्याकडे वळल्या. आवाज चढला नव्हता. “बाई, आमच्या संजूची तार आली. बर्फात हुता त्यो. तार आली, पलटणीची मानसं आली, समदं झालं. आन् त्येच्या म्होरं नऊ दिसांनी त्येचं पत्र आलं. म्या बरा हाय, हितं लय गार हाय, शेंगदान्याची चटणी धाडून दे, तिखाट कर.”

दोघी-तिघी बायकांनी डोळ्यांना पदर लावला.

“मग?” मी विचारलं. विचारायला नको होतं.

“मग काय? म्या चटणी केली. तिखाट केली. धाडली त्येच्या पलटणीला. पोरांनी खाल्ली आन् चिठ्ठी पाठवली, आई, चटणी पावली.” त्यांनी पदर नीट केला. “तवा ह्या ठाणेदाराचं बी म्होरं कायतरी झालं आसंल. त्ये दावा. हे खोटं हाय.”

मी मार्टिनला सगळं इंग्रजीत सांगितलं. त्याने व्हीसीआरमधून कॅसेट बाहेर काढली. मग म्हणाला, “तिला सांग, तिचं बरोबर आहे. मूळ शेवट वेगळा होता.”

आणि त्याने तो शेवट तिथे, त्या सोप्यात, जमिनीवर मांडी घालून सांगितला. मी वाक्यावाक्याला मराठी करत गेले. ठाणेदार निरोप शेवटपर्यंत ऐकतो. मग यंत्रापुढे बसतो आणि उत्तर पाठवतो. मी बरा आहे. झाडाला पाणी घालत जा. छताला पावसाआधी पत्रा टाकून घे. ऐकणारं तिकडे कुणी नाही हे त्याला माहीत असतं. उत्तर पोचायलाही पुन्हा अकरा वर्षं. मिठी नाही, संगीत नाही. बोट उचलून तो यंत्र बंद करतो.

हिराक्कांनी एकदाच मान हलवली. “व्हय. आसंच आसंल.” मग विचारलं, “मग ह्ये कापलं कुनी?”

मी भाषांतर केलं. मार्टिन म्हणाला, “मी.”

परदेशात पाठवायच्या प्रती त्यानेच तयार केल्या होत्या. लोकांना इतका उदास शेवट झेपणार नाही असं वरच्यांचं म्हणणं होतं. त्याने दुसऱ्या भागातली एक पाठमोरी बाई आणून जोडली. मूळ टेप पुढे पुसून दुसऱ्या कार्यक्रमाला वापरली गेली. तो शेवट आता जगात कुठेच नव्हता. लहानपणी पाहिलेल्या, नाहीतर कापताना पाहिलेल्या माणसांच्या डोक्यात असेल तेवढाच.

“सोसवनार न्हाई म्हनं,” हिराक्का म्हणाल्या. “कुनाला सोसवनार न्हाई? सोसनारं तर हितं बसल्यात.”

निघताना त्यांनी माझा हात धरला. “बाई, तुमच्या हातात हाय न्हवं? मराठीत तरी नीट दावा.”

मी म्हटलं, “दाखवते, आक्का.” शब्द दिला. त्या क्षणी मला तो पाळता येईल असं खरोखर वाटत होतं.

सांगलीकडे

मायणी, विटा, तासगाव. या वाटेवर आम्ही तिघंही नव्या उत्साहात होतो. मार्टिनने मांडीवर कागद ठेवून आराखडाच केला. मिठीचं दृश्य काढून टाकायचं, ठाणेदाराचा पाठमोरा दोन मिनिटांचा तुकडा दुसऱ्या भागातून घ्यायचा आणि त्यावर उत्तराचे शब्द मराठीत चढवायचे. वाक्यं मी जीपमध्येच लिहिली. तासगावच्या अलीकडे उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवला होता तेव्हा ती बापूंना वाचून दाखवली. बापूंनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “मोडतंय वो काळीज.” एका बागेपाशी थांबून द्राक्षं घेतली. त्या तासाभरात मी जितकी आनंदात होते तितकी त्यानंतर या कामात कधीच झाले नाही.

सांगली

सांगलीत हळदीचा वास गावाच्या आधी येतो. पेठेतून गाडी जाताना मार्टिनने रुमालाने चेहरा पुसला तर रुमाल पिवळा झाला. इथे कार्यक्रमाची व्यवस्था प्रज्ञा कांबळे यांनी केली होती. एका महाविद्यालयात त्या पदार्थविज्ञान शिकवत. वय तीस-बत्तीस, बोलणं नेमकं. त्यांच्या घरी आधी चहा आणि भडंग झाला. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली पुस्तकांची रांग. वडील रेल्वेत रुळांवर काम करायचे, मिरजेला. निवृत्त होऊन घरीच होते. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हापासून घरात शिकण्याला पर्याय नाही, असं प्रज्ञाताई हसून म्हणाल्या.

कार्यक्रमाला सभागृह भरलं होतं. प्राध्यापक, विद्यार्थी, पेठेतले व्यापारी, आणि पहिल्या रांगेत प्रज्ञाताईंचे वडील. भाग खाणवाल्यांचा होता. पहिल्याच वाक्याला हशा पिकला. “आलो जी, खोदतो जी!” पुन्हा हशा. मग याच प्रवासात बापूंकडून घेतलेलं एक वाक्य मी भाग चालू असताना ध्वनिक्षेपकावरून स्वतः म्हणून दाखवलं: “डोकं चालंना जी, पाय चालत्यात!” सभागृह कोसळलं. मागे उभे असलेले बापूही पोट धरून हसत होते. सगळ्या प्रवासात पहिल्यांदाच लोक असे मोकळे हसले. मी मार्टिनकडे विजयाने पाहिलं.

नंतर प्रज्ञाताई उठल्या. त्या हसल्या नव्हत्या.

“एक विचारू?” त्या म्हणाल्या. “प्रकाशाची चाल, अंतरं, सगळं तुम्ही छान बसवलंय. विज्ञान चुकलेलं नाही. पण चौकीवर शिकलेली सतरा-अठरा माणसं आहेत. त्यांतलं एकही ‘हाय’ म्हणत नाही. सगळे पुण्याचं बोलतात. ‘हाय’ फक्त तळघरात आहे, असं का?”

“त्यांचं बोलणं जवळचं वाटावं म्हणून,” मी म्हटलं.

“जवळचं वाटावं म्हणून केसाळ प्राण्याला दिलंत?”

कुणीतरी मागून अर्धवट हसलं आणि गप्प झालं.

“माझे वडील इथे बसलेत. ते असंच बोलतात. मी घरी असंच बोलते. वर्गात शिकवते ती भाषा मी नंतर शिकले. तीस प्रकाशवर्षांवरच्या चौकीची गोष्ट सांगताय तुम्ही. तिथेसुद्धा आमचं बोलणं दगडच फोडतंय?”

आपण आपल्या माणसांना आपल्या भाषेत काहीतरी नवं देतोय, या समजुतीवर माझी दोन वर्षं गेली होती. ती समजूत त्या एका मिनिटात गेली. प्रज्ञाताईंचे वडील उठले, मला वाटलं तेही बोलतील. पण ते फक्त मुलीला म्हणाले, “ऱ्हाऊ दे गं. लांबनं आल्यात त्या.” त्या ‘ऱ्हाऊ दे’ने मला आणखीच खजील केलं.

परत जाताना जीपमध्ये बापू म्हणाले, “म्याडम, हसलो खरं मी. लय हसलो. पर त्ये माझंच बोलनं हुतं की.” तक्रार नव्हती. नुसतं लक्षात आल्यासारखं म्हणाले. मी वहीतली त्यांची पानं फाडली, पण फाडून काय होणार होतं?

मार्टिनला सगळं सांगितल्यावर तो म्हणाला की मूळ इंग्रजीतही खाणवाले त्याच्या गावच्या कोळसा-कामगारांसारखे बोलतात. आजोबांसारखे.

“आणि तुम्ही घरी बघायचात?”

“दर आठवड्याला. सगळे हसायचो. आजोबाही.”

त्या मुक्कामात सांगलीत आणखी काय पाहिलं ते मला आठवत नाही. घाटावर गेलो होतो, कृष्णेला पाणी बरंच होतं, एवढं वहीत आहे.

मुंबई

अहवाल मी मन लावून लिहिला. हिराक्कांचं म्हणणं शब्दशः. प्रज्ञाताईंचं म्हणणं शब्दशः. दोन मागण्या: त्या भागाचा शेवट बदलावा, आणि बोली सगळ्या पात्रांत वाटून द्यावी. ठाणेदार साताऱ्याचं बोलू दे, खाणवाल्यांना काहीतरी वेगळं देऊ. त्यासाठी सगळं पुन्हा लिहायची माझी तयारी होती.

वाहिनीच्या कार्यक्रमप्रमुखाने अहवालाची पानं उलटली. तरुण, हुशार, घाईतला माणूस. “हसले ना लोक?” त्याने विचारलं.

“हसले, पण—”

“कुठे?”

“खाणवाल्यांना. पण त्यातच तर—”

“मग ते वाढवा. प्रत्येक भागात हवेत. आणि मिठी ठेवा. बायका रडल्या, असं तुम्हीच लिहिलंय.”

हिराक्कांच्या सोप्यात दोघी-तिघी बायका रडल्या, हे मीच लिहिलं होतं. कशामुळे, तेही लिहिलं होतं. पण ते खालच्या ओळीत होतं.

मी मार्टिनकडे पाहिलं. वडूजच्या सोप्यात ‘मी’ म्हणणारा तो माणूस इथे टेबलावरची पेन्सिल सरळ करत होता. बाहेर आल्यावर तो म्हणाला, “मी रात्री घरी फोन केला होता. आमच्या लोकांनाही आहे तेच हवंय. मला हे माहीत होतं गं. त्या सोप्यात बसलो होतो तेव्हाही माहीत होतं.” विमानतळावर त्याने हात पुढे केला, मी तो हातात घेऊन लगेच सोडला.

खाणवाल्यांचे वाढीव संवाद लिहायला मी नकार दिला. ते दुसऱ्या कुणीतरी आठवडाभरात लिहून दिले, माझेच आधीचे घेऊन, ताणून, आणि अहवालात हशा पिकला म्हणून नोंदवलेलं बापूंचं वाक्यही घालून. माझं नाव काढा असं पत्र मी दिलं. शीर्षकपट्ट्या तयार झाल्यात, आता बदलता येणार नाहीत, असं उत्तर आलं. हिराक्कांना काय कळवायचं, हे मी चारदा पोस्टकार्ड घेऊन बसले तरी ठरवू शकले नाही. कार्यक्रम लागल्यावर त्या तो बघणार हे मला ठाऊक होतं. हेडमास्तरांनी गावात थाळी बसवून घेतली होती.

पुणे

मालिका रविवारी सकाळी लागायला लागली. चालली, चांगलीच चालली.

चौथ्या की पाचव्या आठवड्यातली गोष्ट. सोमवारी सकाळी मी दूध आणायला निघाले. जिन्यात सुमनबाई झाडत होत्या. आमच्या इमारतीचे जिने त्याच झाडतात, मूळच्या विट्याकडच्या. वरच्या मजल्यावरची आठ-नऊ वर्षांची केतकी आणि तिच्या दोन मैत्रिणी शाळेला निघाल्या होत्या. सुमनबाईंच्या झाडूपाशी तिघी थांबल्या, गुडघे वाकवून बुटक्या झाल्या, हात लोंबकळते सोडले आणि एका सुरात म्हणाल्या, “आलो जी, खोदतो जी! डोकं चालंना, पाय चालत्यात!”

मी ओरडलेच. “केतकी! असं बोलतात का मोठ्या माणसांशी?”

ती गोंधळली. तिच्या चेहऱ्यावर लबाडी मुळीच नव्हती. “पण मावशी, टीव्हीत असंच बोलतात. तुम्हीच लिहिलंय ना? आईने शेवटी तुमचं नाव दाखवलं मला.”

सुमनबाईंनी झाडू भिंतीला लावला आणि मुलींना वाट करून दिली. मग माझा चेहरा पाहून, मलाच समजूत घालावी तशा म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या ताई. पोरी हायत. लय गोड म्हनत्यात.”